आधी कुणाचं, मग कुठं

बसवकल्याणच्या आमच्या गल्लीत एक काळ असा होता, की रोज सकाळी एक निवृत्त मास्तर ओट्यावर उभे राहून मोठ्यानं हाक मारायचे, 'दिलबर, ए दिलबर.' डोक्यावर टक्कल, अंगात पांढरा सदरा, हातात तुळशीला घालायचं नसलेलं, नुसतंच झाडांना घालायचं पाणी. पेपर टाकणारा सायकल थांबवून हसायचा. किराणा दुकानातले अण्णा तराजूकडे बघत मान खाली घालायचे. आणि मी, समोरच्या घरातली, खिडकीचा पडदा मुद्दाम अर्धा सरकवून चहा प्यायची. कारण हाकेनंतर आतून त्यांच्या बायकोचा, अक्काचा, आवाज ठरलेला असायचा.

"अवं, हळू. सिनेमातले हिरो लागून गेलाव का तुमी?"

"नाव आहे तिचं. हाक नावानंच मारतात," सर म्हणायचे.

दिलबर त्यांची सून. मुलगा डॉक्टरकी शिकायला समरकंदला गेला आणि तिथून डिग्री आणि बायको अशा दोन गोष्टी घेऊन आला. डिग्रीला इथं आणखी एक परीक्षा द्यावी लागते, बायकोला कसलीच नसते, असा त्याचा समज. तो परीक्षेच्या अभ्यासाला हैदराबादला खोली घेऊन बसला आणि बायकोला आई-बापाजवळ ठेवून गेला. गोरी, गोल चेहऱ्याची, डोक्याला मागं गाठ मारलेला रुमाल बांधणारी ती पोरगी. उझबेक बोलायची, रशियन बोलायची, आणि आमच्या गल्लीत मराठी, कानडी, दखनी अशा तीन भाषा एकाच वाक्यात वापरतात. बिचारीला आमचं एकसुद्धा वाक्य सुरू कुठं होतं ते कळत नसे.

मी तेव्हा पासष्टीची होते. म्हणजे अक्कल यायला अजून पाच-सात वर्षं बाकी होती. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट मांडली की उत्तर निघतं अशी माझी खात्री. दिलबर आली त्याच दिवशी मी गणित मांडलं आणि किराणा दुकानात उत्तर सांगून टाकलं, "ही वर्षभर इथं राह्यली तर नाव बदला माझं."

सर आणि मी एकाच शाळेत. ते मराठी शिकवायचे, त्यातही व्याकरण, आणि व्याकरणातही शब्दांची शेपटं. नाम, सर्वनाम हे सगळं ते आठवड्यात उरकायचे आणि प्रत्ययांपाशी आले की वर्ष तिथंच संपायचं. "नाव काय, कुणालाही असतं," ते म्हणायचे, "शेपूट लागल्याशिवाय त्याचं कुणाशी काही नातं लागत नाही." मुलं त्यांना पाठीमागं 'शेपटीसर' म्हणायची. हे नाव कुणी ठेवलं ते मी सांगणार नाही. ठेवणारी बाई अजून जिवंत आहे.

लग्नाच्या बॅनरवर 'सौ. कां.'च्या पुढं काही चुकलेलं दिसलं तर ते मांडवात शिरायच्या आधी खडूनं दुरुस्त करायचे. एकदा मयताच्या फलकावर चूक निघाली. तेव्हा मात्र गप्प राहिले, पण सगळा वेळ त्या फलकाकडे पाठ करून उभे होते, आणि लोकांना वाटलं, सरांना दुःख अनावर झालंय.

एक गोष्ट सांगते, मग पुढं जाऊ. शाळेत एक नवे हेडमास्तर आले होते. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये सरांच्या शेजारी बसून, चहाचा घोट घेत, अगदी गोडीनं त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणाच्यातले?"

आमच्याकडे हा प्रश्न कशासाठी विचारतात ते सगळ्यांना माहीत असतं. सरांचं घराणं मंठाळचं. वडील नागपूरला न जाताही गावातच बुद्धवंदना म्हणायला शिकले आणि पोराला शिकवलं. सरांनी कपबशी खाली ठेवली. "कुणाच्यातले," ते म्हणाले, "कोण हा मूळ शब्द. त्याला चा लागला, वर त लागला, त्याच्यावर परत ले. एवढ्याशा शब्दावर तीन मजले चढवलेत सर तुम्ही. इतक्या उंचावरून विचारलंत तर खालच्या माणसाला ऐकू कसं येणार?"

मला वाटलं, काय हा आगाऊपणा, साधं उत्तर द्यावं माणसानं. मी बिस्किटांची ताटली पुढं केली. गणिताच्या बाईला तेवढंच सुचलं.

तर अशा माणसाच्या घरी दिलबर आली. पहिले काही दिवस सगळं हसण्यावारी गेलं. ती अक्काला अक्का म्हणेना, कारण तिच्याकडे आका म्हणजे थोरला भाऊ. प्याज, कैची, किताब, दरवाजा हे शब्द तिला आपोआप कळले आणि गल्लीतल्या बायका खूश झाल्या. मग ते संपलं. प्याज आणि कैचीवर संसार किती दिवस बोलणार. ती दुपारी ओट्यावर बसायची आणि रस्त्याकडे न बघता आभाळाकडे बघायची. अक्का ताट वाढायची, ती "रहमत" म्हणायची, म्हणजे आभारी आहे, आणि जेवण ढकलायची. पोटात बाळ होतं, हे अक्कानं तिच्याआधी ओळखलं.

"पोरगी सुकायलीय," अक्का मला म्हणाली. "हे शिकवतो म्हणून बसलेत. तिला शिकवा म्हनलं तर सोताच शिकायलेत."

खरं होतं ते. मी गेले तर सर जमिनीवर मांडी घालून बसलेले आणि पुढं अक्काचा तीन पुड्यांचा जेवणाचा डबा. खालच्या पुड्याला खडूनं लिहिलेलं 'उय', मधल्याला 'इमिझ', वरच्याला 'दा'.

"बघा बाई. उय म्हणजे घर. त्यावर इमिझ ठेवला की आमचं घर. त्यावर दा ठेवला की आमच्या घरात. दा काढून दान ठेवला, आमच्या घरातून. गा ठेवला, आमच्या घराला. कानडीत आपण मनेगे म्हणतो, ते उयगा म्हणतात. समरकंद कुठं, आपलं कल्याण कुठं, पण घराकडे जायचं म्हटलं की गे नाहीतर गा." त्यांचे डोळे इतके चमकत होते, की मला हसू दाबायला पदर तोंडात धरावा लागला. "आणि क्रम बदलत नाही. आधी कुणाचं, मग कुठं. घर कुणाचं ते ठरल्याशिवाय त्याच्यात, त्याच्यातून, त्याच्याकडे काही म्हणता येत नाही."

"आणि माझ्या डब्यात भाजी कवा भरायची?" अक्का चुलीपासून म्हणाली.

मी त्या वयात किती वात्रट होते ते सांगते. दुसऱ्या दिवशी सर पाणी प्यायला उठले तेवढ्यात मी मधला पुडा वर आणि वरचा मध्ये करून ठेवला. ते परत आले, बघितलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाई, शेजारीण आहात म्हणून सांगतो. असं घर पावसाळ्यात गळतं." दिलबर मोठ्यानं हसली. मराठी वाक्य तिला कळलं नव्हतं, पण उलटा डबा कळला होता. त्या घरात तिचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सर तिच्याकडून आणखी एक गोष्ट शिकले, आणि तिनं त्यांना वेडच लावलं. आपण 'मुलीची भाकरी' म्हणताना शेपूट मुलीला लावतो. ते लोक दोघींना लावतात, मुलीलाही आणि भाकरीलाही. "गाय बांधताना दोरीला दोन गाठी असतात," सर म्हणाले. "एक खुंट्याला, एक गायीच्या गळ्यात. आपण एकच मारतो आणि गाय सुटली की आश्चर्य करतो." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "हिची इथली गाठ कुठंय, बाई?"

सातव्या महिन्यात तिनं आईकडे जायचं ठरलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तिच्याकडेही तशीच. विमान हैदराबादचं. गाडी दारात उभी. निघता निघता दिलबर थांबली आणि अक्काकडे हातानं भाकरी मागितली. अक्काजवळ कडक भाकऱ्यांची चळत कायम असायची, ज्वारीची, पापडासारखी, महिनोन् महिने टिकणारी. अक्कानं एक दिली. दिलबरनं तिच्या कडेचा एक घास चावला, उरलेली भाकरी दोन्ही हातांनी अक्काच्या हातात ठेवली, डोळे पुसले आणि गाडीत बसली.

अक्का त्या भाकरीकडे बघत राहिली. "पोटात ढवळायलं असंल. एकच घास खाल्ला लेकरानं." आणि उष्टी भाकरी म्हणून तिनं ती गवळ्याच्या म्हशीच्या आंबोणाच्या बादलीत टाकली. मी तिथंच होते. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. आमच्याकडच्या कुठल्याही बाईनं तेच केलं असतं.

दोन दिवसांनी फोन आला, चित्र दिसणारा. पडद्यावर दिलबर आणि तिच्या शेजारी तिची आई. जाडजूड, सोन्याचा दात असलेली, अंगणात तंदूर लावून नान विकणारी बाई. आईनं फोन भिंतीकडे फिरवला. भिंतीवर खिळा, खिळ्याला एक मोठा गोल नान, मण्यांच्या माळेसारखा मिरवत टांगलेला, आणि त्याची एक कड चावलेली. तिनं तो काढला, दिलबरच्या हातात दिला. दिलबरनं तोच दगडासारखा नान चहात बुडवून खाल्ला. मग आईनं फोन तोंडाजवळ आणला आणि सरांना काहीतरी विचारलं. "किझिमनिंग नोनी कानी?"

सरांचा चेहरा आधी उजळला. "कळलं," ते आम्हाला म्हणाले. "अख्खं वाक्य कळलं. माझ्या मुलीची भाकरी कुठंय? दोन्ही शेपटं आहेत बघा." आणि मग त्यांना खरंच कळलं. निघणारं माणूस भाकरीचा घास चावून जातं, घरचे ती टांगून ठेवतात, परत आल्यावर ती त्यानंच संपवायची. दिलबर तशीच तिकडून निघाली होती. तशीच इथून निघाली होती.

सर अक्काकडे वळले. "भाकरी?"

"कंची? ती उष्टी? म्हशीला घातली की."

पलीकडे दोघी वाट बघतायत. अक्काचं डोकं माझ्यापेक्षा कायम पुढं धावायचं. तिनं चळतीतली दुसरी भाकरी ओढली, कड चावली आणि फोनपुढं धरायला निघाली. अक्काचे पुढचे दोन दात नव्हते. भाकरीवर मधे उंच डोंगर आणि दोन्हीकडे दऱ्या, असा ठसा उमटला. मी हसून हसून भिंतीला टेकले. सरांनी ती भाकरी तिच्या हातातून हळूच काढून घेतली. "दुसऱ्याच्या दातानं तिची भाकरी होत नाही," ते म्हणाले. मग फोनकडे बघून, घाम पुसत, डब्याचे पुडे एकावर एक ठेवावेत तसे शब्द ठेवत बोलले, "नोन योक. उयिमिझदा जोयी बोर." भाकरी नाही. आमच्या घरात तिची जागा आहे.

आईनं पडद्याकडे बोट नेलं. फोन बंद झाला.

सरांनी त्याच दुपारी भिंतीत खिळा मारला. रिकामा. अक्का त्याला पिशवी अडकवायला गेली तर ओरडले, आणि ते ओरडणारे गृहस्थ नव्हते. बाळ झालं, मुलगी झाली, पेढे वाटले. पण ती परत कधी येणार हे तिकडून कुणी सांगेना. मुलगा परीक्षेत पडला होता आणि तोही विचारायला घाबरत होता. मी किराणा दुकानात माझं जुनं उत्तर परत सांगितलं. अण्णा म्हणाले, "कामून असं बोलायलाव, बाई? सरांनी खिळा मारलाय." मी म्हणाले, "खिळ्यानं माणूस येत असतं तर सुताराच्या घरी जत्रा भरली असती." फार हुशार वाक्य वाटलं होतं मला ते.

सर मात्र दर रविवारी फोन लावायचे. सुनेला नाही, तिच्या आईला. सुरुवातीला एकच वाक्य, 'उयिमिझदा जोयी बोर.' तिसऱ्या-चौथ्या रविवारी आईनं वैतागून उच्चार दुरुस्त केला. पुढच्या रविवारी आणखी एक. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस, आता तंदूरवाल्या बाईची बोलणी खाऊन लहान पोरासारखा लाजायचा. "आज तीनदा रागावली," असं मला अभिमानानं सांगायचे.

आणि मग अक्का मध्ये पडली. सर शेपटं लावत बसलेले बघून एका रविवारी तिनं फोन परातीपुढं टेकवला आणि ज्वारीची भाकरी थापायला घेतली. पलीकडे आईनंही आपलं पीठ ओढलं. एक पाणी लावून थापतेय, एक लाटण्याशिवाय ताणतेय. अक्का मराठीत म्हणायची, "अगं, काठ जाड ठेव," आणि आई उझबेकमध्ये काहीतरी उलट सुनावायची. दोघी अर्धा तास भांडल्या. सर पाठीमागं उभे राहून म्हणाले, "प्रत्यय न लावता कसं चालतं यांचं?"

"पीठ लागतंय," अक्का म्हणाली. "सरका."

दिलबर आली तेव्हा मी नेमकी खिडकीतच होते, उगाच नाही. गाडीतून उतरली, कडेवर सहा-सात महिन्यांची पोर, रुमाल तसाच बांधलेला. सर ओट्यावर उभे, हाक मारायची सोडून नुसतेच. ती चप्पल काढून सरळ आत गेली. मीही मागोमाग गेले, बोलावलं नसताना. तिनं रिकाम्या खिळ्याकडे बघितलं, खिळ्याखालच्या भिंतीवर एकही डाग नव्हता, ते बघितलं. मग पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला एक नान काढला. कड चावलेली. चावल्याच्या खुणेत एक दात जरा जास्तच खोल गेलेला.

"ओयिम," ती म्हणाली. माझी आई. आणि मराठीत, एकेक शब्द शोधत, "आई म्हनली, माझी भाकरी तिथं ठेव. मी येते."

सरांनी नान खिळ्याला टांगला. दोरी दोनदा सुटली. "दोन गाठी मारा," मी म्हणाले. तेवढं मला जमलं.

आई आली, पुढच्या हिवाळ्यात. स्वतःचा नान स्वतः वरणात भिजवून खाल्ला आणि अक्काच्या वरणाला नावं ठेवली. मुलगा परीक्षा पास झाला, कलबुर्गीला नोकरीला लागला, सगळं रांगेला लागलं. सर तेवढ्यात निघाले. छातीत दुखतंय म्हणून त्यांना कलबुर्गीला न्यायचं ठरलं. गाडीत बसवताना दिलबर धावत भाकरी घेऊन आली. त्यांनी कड चावली, बराच वेळ चघळली, आणि मला म्हणाले, "बाई, डबा उलटा करून ठेवू नका." ते परत आले नाहीत. ती भाकरी त्या खिळ्यालाच आहे. तिला कुणी हात लावत नाही. नात विचारते तेव्हा दिलबर तिला दोन्ही शेपटं लावून सांगते, आजोबांची भाकरी.

हे मी लिहितेय हैदराबादहून, लेकाच्या अकराव्या मजल्यावरच्या घरातून. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, आता झकास दिसतं. लिफ्टमधल्या आरशात तर नको इतकं दिसतं. लेक चांगला आहे, सून चांगली आहे, खोलीला गार हवा आहे. काल जेवताना लेक म्हणाला, "आई, आता कशाला जातीस तिकडं? बाबा न्हाईत, सर न्हाईत. कोण हाय तुझं तिथं?"

त्याला काय सांगू. निघायच्या दिवशी माझ्याही दारात दिलबरची पोर आली, हातात कडक भाकरी. "आजी, चाव." माझ्या तोंडात कवळी. कवळीनं चावलं तर दात डॉक्टरचे, भाकरी कुणाची म्हणायची? पोरीला हा प्रश्न पटला, ती कंबरेवर हात ठेवून थांबली. शेवटी मी कवळी काढली. अक्कानं भाकरीची कड पाण्यात बुडवून दिली, मी हिरड्यांनी ओढ ओढ ओढली, गाडीवाला हॉर्न वाजवतोय, सगळी गल्ली बघतेय, आणि एकदाचा तुकडा निघाला.

सरांच्या खिळ्याशेजारी नवा खिळा मारलाय. पोरीनं आज सकाळी फोनवर दाखवला. माझी भाकरी उंदरानं कुरतडल्यासारखी दिसते.

मी लेकाला म्हणाले, "कल्याणची बस कवा हाय बघ. माझी भाकरी टांगलीय तिथं, आणि अक्काचा काय भरवसा न्हाई, गवळ्याची म्हैस अजून जिवंत हाय."